चित्राखालची टिकली

माझं नाव बेबी. वय सदुसष्ट. नाव ठेवताना घरच्यांनी पुढचा विचार केला नव्हता, आणि लग्न ठरवताना तर अजिबातच नाही, कारण नवरा चित्रकार निघाला. म्हणजे नोकरी वीज मंडळाच्या सांवेर कार्यालयात, पण जीव सगळा कागदात. संध्याकाळी इंदूरच्या बसची वाट बघत हे स्टँडवरची माणसं काढायचे आणि घरी येऊन रंगवायचे. आमच्या पलंगाखाली चित्रं, कपाटामागे चित्रं, गव्हाच्या कोठीवर चित्रं. नात्यातल्या लग्नांत आम्ही आहेर म्हणून चित्रच द्यायचो. ती पुढे कुणाच्या भिंतीवर दिसली नाहीत. एक तेवढं भाचा नंदूकडे दिसलं, खिडकीत कूलर बसवल्यावर राहिलेली फट झाकायला.

यांची इच्छा एकच. "बेबी, एक तरी चित्र अनोळखी माणसानं आपणहून घरी न्यावं गं."

यंदा विद्यापीठाच्या कलादालनातून फोन आला. 'इंदूरचे ज्येष्ठ चित्रकार' असं प्रदर्शन होतं. तपासणी समिती येणार होती आणि भिंती रिकाम्या होत्या, हे फोनवर कुणी सांगितलं नाही, मागाहून कळलं. यांनी नवा कुर्ता शिवून घेतला.

दालनात गेलो तर समोरच्या मोठ्या भिंतीवर विभागप्रमुख देवेंद्र सरांची चित्रं. सर असतील पंचेचाळीसचे, पण खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप ज्येष्ठ होतो. प्रत्येक चित्र निळं, त्यावर एक काळी रेघ, आणि नाव 'मौन'. मौन एक ते मौन नऊ. सरांना रेघ कुठे मारावी ते अजून ठरवता आलं नसावं. यांचं एकुलतं एक चित्र आतल्या कोपऱ्यात, थंड पाण्याच्या मशीनवर टांगलेलं.

"छान जागा मिळाली," हे म्हणाले. "पाणी प्यायला सगळेच येतात." अशा माणसाबरोबर मी संसार केला.

उद्घाटनाला अजून अवकाश होता. देवेंद्र सर हातात लाल टिंबांचा कागद घेऊन आपल्याच मौनांखाली एकेक टिंब चिकटवत फिरत होते. दालनाचं काम बघणाऱ्या मंजुषा मॅडम जवळच उभ्या होत्या, त्यांना विचारलं.

"काकूजी, लाल टिंब म्हणजे पेंटिंग बिक गई."

"पण अजून कुणी आलंच नाहीये."

"सर म्हणतात, माहौल बनाना पड़ता है. बिकी हुई दिसली की लोकांना पण घ्यावीशी वाटते."

मग पाहुणे आले. पंख्यानं समई विझत होती म्हणून पंखे बंद केले, आणि सगळे घामाघूम होऊन कलेचं महत्त्व ऐकत बसले. पाहुण्यांनी कलेपासून सुरुवात करून शहराच्या स्वच्छतेवर शेवट केला. इंदुरात भाषण कुठूनही निघो, मुक्कामाला तिथेच पोहोचतं. त्यानंतर पोहे-जलेबी आली आणि चित्रांकडे सगळ्यांची पाठ झाली.

यांच्या कोपऱ्यात मात्र खरंच गर्दी झाली, पोहे तिखट होते ना. लोक ग्लास भरत, पीत, तोंड पुसत आणि जात. मान वर करून कुणी बघेना. हे चित्राशेजारी हात मागे बांधून उभे होते, तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे. देवेंद्र सर पाणी प्यायला आले आणि यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे काकाजी, आपकी नहीं निकली? कोई बात नहीं, एक्सपोजर तो मिला!"

हे हसले. पण चेहरा असा उतरला की माझं डोकंच फिरलं.

हे पोहे घ्यायला गेले तेवढ्यात मी पर्स उघडली. टिकल्यांचं पाकीट माझ्याकडे असतंच. घामानं कपाळावरची पडली तर चारचौघांत तसंच फिरू नये, अशी सासूबाईंची शिकवण. एक टिकली काढली आणि चित्राखाली लावून दिली. लाल, गोल, सरांच्या टिंबापेक्षा जरा मोठीच.

हे परत आले. हातातली बशी तशीच धरून लाल टिंबाकडे वाकून बघू लागले.

"अगं, गेलं?"

"गेलं."

"कुणी घेतलं?"

"भोपाळचे कुणी होते. घाईत होते."

यांनी बशी मशीनवर ठेवली, रुमालानं हात पुसले आणि नंदूला फोन लावला. "हां नंदू, भोपाळला चाललंय!" मला बरं वाटलं. सर नऊ मौनं कुणालाच न विकता विकू शकतात, तर मी एक भोपाळला का नाही?

एवढ्यात एक मुलगी बाटली भरायला आली. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, वल्लरी, संगणक विभाग. बाटली भरली, पाणी वाहायला लागलं, तरी हिचं लक्ष वर चित्राकडे.

"ये तो सांवेर का स्टँड है!" ती मला म्हणाली. "काकू, मी कॉलेजला इथूनच बस पकडायची. आणि ही बाई बघा ना, सोयाबीनच्या पोत्यावर बसलीय, चपला काढून. मागे बस निघाली तरी हिचा पेरू संपत नाहीये. माझी मौसी सेम अशीच!"

मग तिला टिकली दिसली.

"अच्छा, बिक गई." आवाज एकदम बारीक झाला. "मला हवी होती. घरी लावली असती." नळ बंद करून ती वळली.

यांनी जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती चालत आली होती, आणि माझीच टिकली तिला परत पाठवत होती. खरं बोलावं तर यांचं भोपाळ सगळ्यांदेखत बुडणार. गप्प बसावं तर चित्र पुन्हा पलंगाखाली.

मी नखानं टिकली काढली. हातात धरून काय करणार, कपाळावर चिकटवली, आधीच्या टिकलीच्या वर.

"थांब गं मुली. विकलं नाहीये ते. ही टिकली माझी आहे."

यांनी कानाचा फोन खाली घेतला. आतून नंदू हॅलो हॅलो करत होता.

"आणि भोपाळचे?"

"भोपाळचं कुणी नव्हतं. मीच लावली होती. सर आपल्या चित्रांना नऊ लावतात, मी तुमच्या चित्राला एक लावली."

आवाज माझा पहिल्यापासून मोठा. दालनात मौन दहा पसरलं. देवेंद्र सर जलेबीकडे असे बघू लागले, जणू ती आज पहिल्यांदाच भेटली.

"मग मी घेऊ?" वल्लरीनं विचारलं.

यांनी तिला नीट न्याहाळलं. "आपली ओळख आहे का?"

"नहीं काकाजी."

"नात्यातली वगैरे?"

"नहीं."

"बेबीनं पाठवलं नाही ना तुला?"

"कोण बेबी?"

हे ऐकलं आणि यांचे डोळे भरले. मंजुषा मॅडमना म्हणाले, "एक लाल टिंब द्या."

"काकाजी, संपली. सरांनी सगळी लावली."

यांनी माझ्याकडे पाहिलं. जवळ आले आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळावरची वरची टिकली अलगद काढली. चित्राखाली लावली आणि अंगठ्यानं कितीतरी वेळ दाबून धरली.

जरा तिरकी लागली होती. मी ती तशीच राहू दिली.