बटणावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि उभ्या आयुष्यात मी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे धांगडधिंगा. कान झाकू नका. सवय झाली की आवडायला लागतो.

कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसवली, डोक्यावर गोल फिरती थाळी ठेवली आणि बाजूला सुई धरलेला एक हात जोडला. पुढे एक बटण. ते तेहेतीसवर असलं की थाळी सावकाश फिरते, पंचेचाळीसवर नेलं की भरभर. हे बटण लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

मला विकत घेतलं ते सोफे-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या एका कारागिराने. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. माझं देखणं रूप पाहून मालकीणबाईंना वाटलं, आता दुकानात गोड गाणी वाजणार. मालकाने लावली पंक रॉकची तबकडी. चार पोरं, मोजके सूर आणि श्वास घ्यायला फुरसत नाही. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलंसुद्धा.

"अहो, हे गाणं आहे की भांड्यांची मांडणी कोसळली?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकाला उत्तर देता आलं नाही, कारण त्याच्या तोंडात खिळे होते. या धंद्यात बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात. त्यामुळे तो नुसता नाकातून गुणगुणायचा आणि ड्रमच्या ठेक्यावर हातोडी चालवायचा. पंकवर खुर्ची झटपट तयार व्हायची. मग त्याने पॉप-पंक आणलं. त्यात राग असतो, पण चाल अशी की भांडून निघालेला माणूस शीळ घालत घरी पोचावा. पोस्ट-हार्डकोर लावलं की मात्र मी सावध बसायचो. आधी कानात कुजबुज, मग एकदम काळीज फाटेल अशी किंकाळी. त्या ओरडण्यात पुष्कळदा रडणं असतं, ते सुईला बरोबर कळतं.

लेक रांगायला लागली आणि तिला माझ्या बटणाचा नाद लागला. दिसलं की फिरव. शेवटी मालकाने बटण तेहेतीसवर ठेवून वर चिकटपट्टी लावून टाकली. त्याच्या सगळ्या तबकड्या तेहेतीसच्या वेगाच्याच होत्या, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. लेक कॉलेजात गेली तरी पट्टी तिथेच.

अशात पंक वाजवणाऱ्या त्या पहिल्या चौघांची नवी तबकडी निघाली. बऱ्याच वर्षांनी. कव्हरवर चौघांचेही केस पिकलेले. मालकाने हात धुऊन, पुसून ती माझ्यावर ठेवली. आणि माझ्यातून निघाला एक जड, पाय ओढत चालल्यासारखा आवाज. मालकाची हातोडी मंदावली. त्याने तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

"म्हातारे झाले गं हे," तो लेकीला म्हणाला. "आणि मीही."

"बाबा, त्यांनी मुद्दाम हळू वाजवलं असेल," लेक समजूत काढत म्हणाली.

कसलं मुद्दाम! तबकडी मोठी होती, पण पंचेचाळीसची. लेबलवर बारीक अक्षरांत छापलंही होतं. पण मोठी तबकडी म्हणजे तेहेतीस, हे मालकाच्या हाडीमाशी खिळलेलं. माझा जीव नुसता तळमळत होता. सगळ्या जगाचे आवाज काढणाऱ्या मला ते एक वाक्य काही सांगता येईना.

त्यानंतर दुकानात गाणं बंद झालं. माझ्यावर फोमचे तुकडे साचले. मालक कामं कमी घ्यायला लागला आणि एक दिवस त्याने मला तबकड्यांसकट विकायचं ठरवलं. जुन्या वस्तू घेणारा आला, म्हणाला, "वाजवून दाखवा." थाळीवर होती तीच तबकडी मालकाने लावली. मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हा कोण गातोय?"

"तोच. नेहमीचा."

"छे. लग्न झाल्यापासून तो माझ्या डोक्यावर ओरडतोय, मी ओळखत नाही होय? त्याचा आवाज किरटा आहे. हा तर रेड्यासारखा हंबरतोय." त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याकडे वाकून पाहिलं. "ही पट्टी पोरीसाठी होती ना? ती एवढी मोठी झाली, आता तरी काढा."

त्यांनीच ती नखाने सोलली आणि बटण फिरवलं.

मित्रांनो, काय सांगू! ते चौघे असे सुटले की विकत घेणारा दोन पावलं मागे सरला. तोच किरटा आवाज, तीच घाई, आणि पिकल्या केसांचा मागमूस नाही. मालकाचे डोळे भरले. त्याने खिळे तोंडात टाकले आणि समोरच्या खुर्चीवर हातोडी धरली.

"मग देताय ना प्लेअर?" त्या माणसाने विचारलं.

तोंडात खिळे. मालकाने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

तेव्हा एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्यांवर फोम रचू नका, सुईवरची धूळ हलक्या हाताने टिपा. आणि कोणी म्हातारं झालं म्हणण्याआधी आपण त्याला कुठल्या वेगावर लावलंय, ते एकदा बघा.

मालकीणबाई अजूनही नाक मुरडतात. पण एक बाजू संपली की मालकाचे हात गुंतलेले असतात, म्हणून तबकडी त्याच उलटतात.