चार चिंचोके

“ही माही न्हाई,” आप्पा म्हणाले.

“तुही न्हाई तर कोनाची? वाटूर फाट्यावर दुसरं हाय तरी कोन?” भुजंगकाका पायरीवरून हलायला तयार नव्हते. “मागल्या हिवाळ्यात हितूनच नेल्ती. गॅरंटी हाय म्हनला व्हतास.”

विहिरीतून काढलेली जळकी मोटार दोघांच्या मध्ये उघडी पडली होती. आप्पांनी काळी पडलेली तार बोटाने सारली, आत पाहिलं आणि मोटार काकांकडे फिरवली.

“गाठी दाव. दावल्या की फुकट भरून देतो.”

काकांनी चष्मा पुसून आत डोकावलं. दोरा होता, पण पांढरा. गाठही एकच.

“पोरानं मधी परतूरला भरून आनली असंल,” काका हळूच म्हणाले. “सांगत बी न्हाई कारटं.”

“मंग पोराला इचार. बस, च्या घे. भरून देतो, पर गॅरंटी आजपासून.”

मोटार भरून झाली, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळली, की आप्पा तांब्याच्या तारांवर लाल दोरा आवळतात आणि त्याला तीन गाठी मारतात. वरून वॉर्निश. प्रत्येक भरणाऱ्याची अशी काहीतरी खूण असते. वर्षभरात मोटार जळाली तर उघडून बघायचं. ज्याची खूण, त्याची गॅरंटी. लहान असताना मी विचारलं होतं, तीनच का? “दोन सुटत्यात. तिसरी धरून ठिवती,” एवढंच म्हणाले होते.

मी हसनाबादहून बाळीला घेऊन माहेरी आले होते. दुकानावर अजून माझंच नाव आहे, ‘तृप्ती मोटार वायडिंग’. आत सगळं तसंच, आणि भिंतीवरच्या खिळ्याला ती रिकामी खोळही तशीच. आईने जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून आप्पांच्या गिटारीला शिवलेली. आई गेली, तीन वर्षांमागे गिटारही गेली. खोळ मात्र आप्पा काढू देत नाहीत. “सापडंल एखांद्या दिवशी. आली तर ठिवायची कशात?”

गिटार पप्पूने नेली होती. चौदा वर्षांचा असताना तो दुकानात आला, आप्पांना मामा म्हणू लागला, मोटारी भरायला शिकला आणि आप्पांच्या शेजारी बसून गिटारही शिकला. पुढे मुंबईला गेला. एका रेकॉर्डिंगला आप्पांचीच गिटार पाहिजे म्हणाला. खोळ तेवढी नको म्हणाला, ठिगळांची होती. महिन्याने रडत फोन केला, “मामा, टेम्पोतून चोरीला गेली.” आप्पांनी त्यालाच समजावलं होतं. “लाकूडच व्हतं बाबा. तू जेवून घे.”

त्यानंतर पाच महिन्यांनी माझं लग्न झालं. वाटूरच्या बँजो पार्टीत आप्पा वीस वर्षं वाजवायचे. पाठवणीची, नवरी वाटे लावायची वेळ झाली की त्यांची गिटार अशी काही भोकाड पसरायची की नवऱ्याकडचे बापेही उपरण्याने डोळे पुसायचे. माझ्या वेळी आप्पा मांडवाच्या खांबाला हात धरून नुसते उभे होते.

चहा होतोय तोच पायरीशी पांढरी गाडी थांबली. आतून पप्पू उतरला, मागून कॅमेरा घेऊन एक पोरगेलासा माणूस. पप्पू वाकून आप्पांच्या पाया पडला.

“मामा, वळखलं का?”

“आवाजावरून वळखलं. केसावरून न्हाई वळखू येत.”

“न्हावी रुसला का काय रं तुह्यावर?” भुजंगकाका म्हणाले.

पप्पू मोकळं हसला. मग माझ्याकडे वळला. “तृप्ते, लेक झाली व्हय? कळवायचं तरी.”

“लग्नाला कळवल्तं,” मी म्हणाले. “कुठं आल्तास?”

तो बाळीच्या गालाला हात लावून गाडीकडे गेला आणि लांबट पेटी घेऊन आला. उघडली. निळीशार गिटार होती, नखाएवढाही ओरखडा नसलेली. वरच्या टोकाला सोनेरी अक्षरांत पप्पूची सही.

“नाव काहून टाकलं?” काकांनी विचारलं. “चोरीला जाऊ नी म्हनून? आमी बी भांड्यावर टाकतो.”

“काका, सिग्नेचर मॉडेल म्हनत्यात ह्याला. मोठ्या वादकाच्या नावानं कंपनी गिटार काढती. त्याला पाहिजे तशी, बराबर तशी.” मग आवाज जरा खाली आणून तो आप्पांना म्हणाला, “पुढल्या महिन्यात बाजारात येऊन राह्यली, मामा. तुमी फक्त कॅमेऱ्यासमोर सांगा, फायदे काय, तोटे काय. बिलकुल खरं खरं. लोकांला माह्या गुरूच्या तोंडून ऐकायचंय.”

गुरू. आप्पांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बँजो पार्टीत ते ‘गिटारवाला’, दुकानात ‘मिस्त्री’. ते उठून आत गेले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तरी नखातलं वॉर्निश निघेना. माझ्या लग्नातला सदरा घालून बाहेर आले आणि मला विचारलं, “बटन बराबर लागलं का गं?”

कॅमेरावाला, हरिओम त्याचं नाव, तिकडे गिटारीची वायर छोट्या स्पीकरला जोडून दिवा लावत होता. आप्पांनी गिटार मांडीवर घेतली. आधी वाजवलीच नाही. तोलून पाहिली. मानेच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत नेला, पट्ट्यांची टोकं कुठे टोचतात का बघायला. खुंट्या पिळून पाहिल्या.

“मान गुळगुळीत हाय. वजन जरा जास्त. तासभर उभ्यानं वाजवलं की खांदा धरंल.”

“लिहून घे रे, हरिओम,” पप्पू म्हणाला. “तोटा नंबर एक.”

मग आप्पांनी वाजवली. तीन वर्षांनी. सुरुवातीला बोटं अडखळली, नंतर वाट सापडली. भुजंगकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. आप्पांनी खटका ओढून तारांखालच्या मधल्या पिकअपवर आणला, आणि माझ्या मांडीवरच्या बाळीने एकदम मान वळवली.

तोच आवाज. गळ्यात अडकून अडकून सुटणारा, नवरी वाटे लावतानाचा. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांची बोटं तारांवरच थांबली होती.

“हीच तर खासियत!” हरिओमने खिशातून कंपनीचा चकचकीत कागद काढून वाचला. “मधल्या पिकअपला चारशे जादा वेढे. कलाकाराच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून सापडलेला आगळा स्वर.”

ते संशोधन माझं होतं.

मी चार वर्षांची असेन. आप्पांनी जालन्याच्या भंगार बाजारातून मोडकी गिटार आणली होती. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तार गुंडाळली की तारेचा सूर विजेत उतरतो, त्याला पिकअप म्हणतात. मोटार भरणाऱ्या माणसाला त्यात नवल काय? तीन पिकअप जळालेले, तिन्ही आप्पांनी भरायला घेतले. प्रत्येकाला सात हजार वेढे. मोजायचं यंत्र तेवढ्या बारीक तारेवर चालेना, म्हणून मोजायला मी. आप्पा शंभर म्हणाले की मी वाटीत एक चिंचोका टाकायचा. सत्तर झाले की पिकअप भरला. चिंचोके आईने भाजलेले होते. मधल्या पिकअपच्या वेळी मला भूक लागली आणि मी वाटीतलेच चार खाल्ले. आप्पांना चार कमी दिसले, त्यांनी चारशे वेढे जास्त दिले. गिटार वाजायला लागली तेव्हा तो वेगळाच आवाज ऐकून त्यांनी मला विचारलं आणि मी तोंड उघडून दाखवलं. ही गोष्ट त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितली. पप्पूला तर पन्नासदा.

आप्पांनी मीटर घेतला आणि पप्पूच्या परवानगीशिवाय स्पीकरमधून काढलेल्या गिटारीच्या वायरीला लावला. वेढे जास्त तर आकडा जास्त. एक एक खटका ओढत वाचलं, “पाच पॉइंट सात. पाच पॉइंट सात. आन् मधला... सहाच्या वर.”

पप्पू मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता.

“पप्पू,” आप्पा म्हणाले, “माही गिटार सापडली व्हती का रे मंग?”

त्यांनी ते इतकं साधं विचारलं, की हो म्हणणं अगदी सोपं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण. नुसतं हो म्हण, मामा तुला चहा पाजतील.

“न्हाई ना मामा,” पप्पू मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. “चोरीची वस्तू कुठं सापडती.”

आप्पांनी मान हलवली. बारका पेचकस घेतला, गिटारीचे स्क्रू काढले. हरिओम घाबरला. “काका, सॅम्पल पीस आहे तो!”

“उघडल्याबिगर मी कशाचंच सांगत नस्तो,” आप्पा म्हणाले.

पिकअपवरचं प्लॅस्टिकचं झाकण निघालं. आत तांबडी तार, तारेवर लाल दोरा, दोऱ्याला तीन गाठी. यंत्राने मारल्यासारख्या, एका ओळीत, एकसारख्या. आप्पांनी दुसरं झाकण काढलं. तीन गाठी. तिसऱ्यातही तीन.

“तो धागा ना?” हरिओम उत्साहाने सांगू लागला. “मूळ नगात होता, म्हणून कंपनी आता प्रत्येक पीसमध्ये टाकते. पप्पूसर म्हणाले, लकी धागा आहे, देवाचा.”

भुजंगकाका गुडघ्यावर हात टेकून उठले, वाकून बघितलं आणि आप्पांच्या खांद्यावर हात मारला. “इंद्रभान! आरं, ही तर तुही हाय!”

पप्पूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी मोटार बिघडवली की व्हायच्या, तशाच.

आप्पांनी झाकणं जिथल्या तिथे बसवली. स्क्रू आवळले, एकही जास्त न पिळता. सदऱ्याच्या टोकाने गिटारीवरचे बोटांचे ठसे पुसले.

“चल पोरा,” ते हरिओमला म्हणाले, “लाव तुहा कॅमेरा.”

मला वाटलं, आता ते सांगतील. चोरी, टेम्पो, सगळं. मी सांगितलं असतं. पण आप्पा कॅमेऱ्याकडे बघत, गिऱ्हाइकाला समजावतात तसं सावकाश बोलले.

“मी इंद्रभान. मोटारी भरतो. गिटार चांगली हाय. मान सरळ हाय, खुंट्या घट हायेत. वजन जरा जादा. मधल्या पिकअपचा आवाज लई गोड, पर जपून वापरा. सारखा वापरला की त्याची किंमत ऱ्हात न्हाई. तो वाटे लावायचा आवाज हाय.” त्यांनी गिटार कॅमेऱ्याकडे वळवली. “आन् कव्हाबी बिघडली, तर वाटूर फाट्यावर घिऊन या. आत लाल दोरा हाय, तीन गाठी. त्या बघून मी फुकट भरून देईन. गॅरंटी माही.”

हरिओमने अंगठा दाखवला. त्याला काही कळलं नव्हतं.

पप्पू पेटी बंद करत होता, कडी लागत नव्हती. शेवटी आप्पांनीच दाबून लावून दिली.

“मामा,” पप्पू खाली बघत पुटपुटला, “कंपनीला सांगनारच व्हतो मी. वेळच न्हाई आली.”

“चारशे येढे जादा कसे पडले, ते तरी सांगितलं का त्यांला?”

पप्पूने पेटी उचलली.

“सांग एकदा. लेकरानं चिंचोके खाल्ले म्हनून. हसतील बिचारे.”

गाडी वळून मंठ्याच्या दिशेने गेली. भुजंगकाकांनी तिच्या मागून एक कचकचीत शिवी दिली. आप्पा म्हणाले, “जाऊ दे. तुही मोटार आन हिकडं.” त्या दिवशी तीन तास त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी दोरा बांधायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली. “एक टोक धर गं.” तीस वर्षांत गाठ मारायला त्यांना कुणी लागलं नव्हतं.

खोळ मात्र खिळ्यावरच राहिली. मला ठाऊक होतं, ते कशाची वाट बघतायत ते. गिटारीची नाही आता. फक्त ‘गॅरंटी माही’ या एका वाक्याची. ते वाक्य पप्पू व्हिडिओत ठेवतो का, एवढंच.

आठ दिवसांनी व्हिडिओ आला. भुजंगकाकांच्या पोराने पाठवला. पप्पू समुद्राकाठी उभा राहून वाजवत होता, केस उडत होते. मध्येच चार सेकंद आप्पा दिसले, लग्नातला सदरा, बटणं बरोबर लागलेली. “गिटार चांगली हाय. आवाज लई गोड.” खाली लिहिलं होतं, ‘गावातले एक चाहते’. मग पुन्हा समुद्र.

आप्पांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मी लावायला गेले, तर हाताने थांबवलं.

“बाळी निजली का?”

“पेंगायलीय. खाली फरशी गार हाय म्हणून घेऊन बसले.”

ते उठले. खिळ्यावरची खोळ काढली आणि बाहेर जाऊन तीनदा झटकली. धूळ खूप निघाली. मग आत येऊन तिची चौपदरी घडी घातली, शिवणीची बाजू आत आणि आईच्या लुगड्याची मऊ बाजू वर, आणि माझ्या शेजारी अंथरली.

“निजव हिच्यावर,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होते. भिंतीवर खोळीच्या आकाराचा तेवढाच भाग पांढरा राहिला होता. खिळ्याला लाल दोऱ्याचं बंडल टांगलेलं होतं.