झिरो बघा, पावणं

कागलच्या पुढे, हायवेला लागून आमचा पंप आहे. त्याच्या कमानीवर मालकांनी लाल अक्षरांत पाटी लावलीय, 'महाराष्ट्रातला शेवटचा पंप'. ज्या दिवशी ती लागली त्याच दिवशी मी म्हटलं होतं, मालक, ही काढा. पुढे पाच मिनिटांवर कर्नाटक, आणि तिथल्या पहिल्याच पंपावर याहून मोठी पाटी, 'स्वस्त डिझेल'. आमची पाटी वाचून गिऱ्हाईक थांबत नव्हतं. उलट त्याला धीर येत होता, की आता थोडंच राहिलं.

मालकांनी ऐकलं नाही. दत्तप्रसाद मालक कोल्हापूरचे, शिकलेले, बोलायला सभ्य. पण पाटीचे पैसे देऊन झाले होते.

मी निशा. उचगावात राहते, बारावी झालेय, तीन वर्षं या पंपावर डिझेल भरते. नोझल टाकीत घातलं की आधी म्हणायचं, "झिरो बघा, पावणं." मशीनचा आकडा शून्यावर आहे हे गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. नाहीतर पुढच्या चौकात जाऊन तो सांगतो, बायकांनी फसवलं. दिवसाला दोन-तीनशे वेळा तरी हे म्हणत असेन. एकदा घरी सासूबाईंच्या कपात चहा ओततानाही तोंडातून निघून गेलं. म्हातारी दिवसभर हसत होती.

दराचं मात्र हसण्यासारखं काही नाही. आकडा बघितला की माणूस माझ्यावरच खेकसतो, जणू वरचे रुपये मी पदरात बांधून घरी नेते. गेल्याच महिन्यात एक मोठी पांढरी गाडी आली. काच खाली करून आतला माणूस म्हणाला, "कळंब्यात एकतीस पैसं कमी हाय. तुमी कुटल्या हिशेबानं घेताय?"

"आवं, डेपोपास्नं पंप जितका लांब तितकं टँकरचं भाडं वाढतंय," मी म्हटलं. "आजऱ्याला गेलासा तर आनी चार पैसं जास्तच द्याल. आनी हद्दीपल्याड गेलासा तर कमी, कारण तितल्या सरकारचा कर येगळा, हितल्या सरकारचा येगळा. तेल त्येच हाय. दर मी न्हाय लावत."

"आमाला शिकवू नगंस," तो म्हणाला.

हे सगळं बोलणं पाच मिनिटं चाललं. तेवढा वेळ त्याचं इंजिन चालू, एसी चालू. एकतीस पैशांसाठी त्यानं तिथंच दहा-पंधरा रुपयांचं तेल जाळलं आणि वर मला अडाणी ठरवून गेला. तोंडावर हसू ठेवायचं अशी मालकांची ताकीद आहे, म्हणून हसले. आतून अंगाची लाही होत होती.

परक्यांचा राग ड्युटी संपली की उतरतो. घरच्याचा उतरत नाही.

आमचे हे, प्रसेनजीत, पिकअप चालवतात. एमआयडीसीतून माल उचलायचा आणि सांगतील तिथं टाकायचा. भाडं मिळालं तर मिळालं, नाहीतर गाडी दारात. म्हणून घरचा गॅस, दूध, पोरीच्या शाळेची फी हे सगळं माझ्या पगारावर. दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो तो माझाच पगार. आणि या माणसानं तीन वर्षांत एकदाही, एकदासुद्धा, माझ्या पंपावर डिझेल भरलं नव्हतं.

भरायचं कुठं? हद्दीपल्याड. उचगावातले चार पिकअपवाले, यांच्यासकट, दर रविवारी सकाळी रिकाम्या गाड्या काढायचे आणि रांगेनं कर्नाटकात जायचे. त्यांचा म्होरक्या जोतीराम. त्यानं नियम घालून दिला होता, टाकी जितकी रिकामी न्यावी तितका फायदा जास्त. म्हणून शुक्रवारपासूनच डिझेल चिमटीनं वापरायचं आणि रविवारी काटा तळाला टेकवून निघायचं. तिथं टाकी फुल्ल, शेजारच्या हॉटेलात डोसा आणि परत. येताना चौघांच्या तोंडावर असं तेज, जणू गड मारून आले.

मी एकदा पावतीच्या मागं हिशेब मांडून दाखवला. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे चार लिटर डिझेल जळलं. त्याचे साडेतीनशेच्या वर. तिकडे सहा रुपये कमी होते तेव्हासुद्धा पन्नास लिटरला वाचायचे तीनशे. डोशाचे वेगळे.

"तुला गाडीतलं काय कळतंय?" हे म्हणाले. "तिकडचं डिझेल ॲव्हरेज देतंय."

"तेल त्येच हाय."

"देतंय म्हनलं न्हवं?"

मग तिकडच्या सरकारनं कर वाढवला. पुन्हा वाढवला. सहाचे तीन झाले, तिनाचा रुपया झाला. मला वाटलं, आता तरी थांबतील. छे! रविवार तसाच, रांग तशीच, डोसा तसाच.

या महिन्याच्या सुरुवातीला मालकांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. दोघी म्हणजे मी आणि अंजना. डिझेलची दोन मशीनं, एक तिच्याकडं, एक माझ्याकडं. मालक खाली बघत म्हणाले, "डिझेलचा खप फार पडलाय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून एक मशीन बंद करावं लागणार. जिच्या मशीनवर गाड्या कमी, तिला मला थांबवता येणार नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "निशाताई, तुमच्या घरातच ड्रायव्हर. चार गाड्या तरी आणा."

अंजनाला काही सांगावं लागलं नाही. तिचा भाऊ बाबासो तिसऱ्याच दिवशी आपले दोन्ही ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या गावाजवळ पंप आहे, तो सोडून इतक्या लांब. कुणीतरी त्याला विचारलं, तर म्हणाला, "चार पैसं गेलं तर जाऊ द्यात की. भैन हाय तितं." मी नोझल पुसत ऐकत होते. अंजनाचा मला राग नाही आला. हेवा वाटला, आणि तो रागापेक्षा वाईट.

त्या रात्री जेवताना मी यांना सगळं सांगितलं. मशीन बंद होणार, दोघींतली एक जाणार, चार गाड्या चार रविवार आल्या तरी माझा आकडा वर जाईल.

"जोतीरामला इचारतो," हे म्हणाले.

"त्येला कशाला इचारायचं? गाडी तुमची हाय."

"चौघं एकत्र जातोय. मी एकटाच मागं ऱ्हायलो तर हसतील. बायकोनं अडवलं म्हनतील."

पुढच्या रविवारी खरंच चारही गाड्या माझ्या पंपात वळल्या. हातातलं फडकं तसंच टाकून मी धावले. अंजनाला म्हटलं, बघ, आलं आमचं कारभारी. गाड्या माझ्या मशीनसमोरून गेल्या आणि पलीकडे हवेच्या पाइपापाशी थांबल्या.

हवा फुकट असते. टायरात हवा नीट असली तर डिझेल कमी जळतं, हे मीच यांना सांगितलं होतं, ट्रेनिंगमध्ये ऐकून. सोळा चाकांत हवा भरून झाली, बाटल्यांत गार पाणी भरून झालं, चौघं मुतारीत जाऊन आले. जोतीरामनं जाताना हात केला, "वैनी, तुमच्या पंपाची हवा लई भारी बगा!" आणि चारही गाड्या कर्नाटकाकडं गेल्या. यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघवलं नसेल. पण बघवत नाही तर करायचं कशाला?

घरी मी भांडले. ताट आपटलं, दोन दिवस बोलले नाही. सासूबाईंनीही लेकाला झाडलं. हे एवढंच म्हणाले, "बगू की. महिना अजून जायचाय."

महिन्याचा शेवट रविवारी आला. सकाळी सहाला भाकरी बांधताना मी यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आज शेवटचा दिस हाय. अंजनाच्यात आनी माज्यात थोडाच फरक हाय. चार टाक्या झाल्या तर माजं मशीन वर जातंय. आज तरी थांबा. मी पुन्ना कदी म्हननार न्हाय."

"बगू," हे म्हणाले.

साडेनऊला रांग दिसली. पुढं जोतीराम, मग दोघं, शेवटी यांची निळी पिकअप. मी रस्त्याच्या कडेपर्यंत गेले. युनिफॉर्ममध्ये, छातीवर नावाची पट्टी, आणि हात वर. भर हायवेवर, सगळ्या पंपासमोर, मी माझ्या नवऱ्याला हात करत होते. जोतीरामनं हॉर्न वाजवला. यांनी मान सरळ ठेवली, गिअर बदलला आणि पुढं गेले.

साडेदहाला मालकांनी आत बोलावलं. मशीनचे आकडे त्यांच्यासमोर होते, महिन्याचा हिशेब दहाच्या आकड्यावर बंद होतो. "तुमच्या कामात काही खोट नाही, निशाताई," असं दोनदा म्हणाले. वाईट त्यांना वाटत होतं, आणि मला त्यांच्यावर ओरडताही येईना. ड्युटी तीनपर्यंत करा, पगार उद्या, एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. मी बाहेर आले आणि मशीनपाशी उभी राहिले. अंजना रडत होती. तिला म्हटलं, गप, गिऱ्हाईक हाय.

साडेअकराच्या सुमारास हायवेच्या कडेनं एक माणूस चालत येताना दिसला. एका हातात पिवळा कॅन, दुसऱ्या हातानं घाम पुसत. चाल ओळखीची वाटली. जवळ आल्यावर चेहराही ओळखीचा निघाला.

टाकी इतकी रिकामी नेली होती की चढावर गाडीनं दम सोडला. हद्द दोन किलोमीटर पुढं आणि माझा पंप दोन किलोमीटर मागं. डिझेलची गाडी कोरडी पडली की पाइपात हवा धरते, नुसतं तेल ओतून चालू होत नाही, मिस्त्रीला बोलवावं लागतं. पुढचे तिघं मागं न बघता निघून गेले होते. फोन केला तर म्हणाले, भरून येतो, तोवर थांब. तासाच्या वर वाट बघून हे चालत निघाले होते.

हे सरळ माझ्यापाशी आले. "निशे, पाच लिटर दे लवकर. गाडी रस्त्यातच हाय."

"लायनीत या," मी म्हटलं.

"आगं, मी हाय."

"बगितलं. लायनीत या."

पुढं बाबासोचा ट्रॅक्टर उभा होता; बहिणीचं मशीन टिकलं, म्हणून आज तो माझ्याकडं आला होता. त्यामागं हे उभे राहिले, कॅन घेऊन, उन्हात. बाबासोनं टाकी फुल्ल करायला सांगितली. मी सावकाश भरली. एक थेंब सांडला नाही. मग यांचा नंबर आला. कॅन खाली जमिनीवर ठेवायला लावला, तसा नियमच आहे, आणि नोझल आत घातलं.

"झिरो बघा, पावणं."

"मला पावनं म्हनतीस?"

"बघा म्हनलं न्हवं?"

त्यांनी बघितलं. मी पाच लिटर भरलं. त्यांनी मोबाइलनं पैसे टाकले आणि खांबावरच्या पेटीनं सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, चारशे छप्पन्न रुपये मिळाले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

हे कसंनुसं हसले. "चला, झालो की तुजं गिऱ्हाईक. गाडी चालू झाली की हितंच आनतो, फुल्ल करतो. जोतीरामलाबी सांगतो. मग तर झालं?"

"मशीन उद्यापास्नं बंद हाय."

"कुनाचं?"

मी नोझल परत मशीनला अडकवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग अंजनाकडं. अंजनानं पदर तोंडाला लावला. तेव्हा त्यांना कळलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "चार गाड्यांनी काय फरक पडतोय."

"चार गाड्यांचाच फरक हुता."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हातात कॅन, म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबला आणि तो स्पीकरवर लागला. जोतीरामचा आवाज पंपभर घुमला, मागं कपबश्यांचा खळखळाट. "आरं, कुटं हाईस तू? तुजा डोसा सांगून ठेवलाय, गार व्हायलाय की!"

ट्रॅक्टरवरून बाबासो बघत होता. अंजना बघत होती. केबिनच्या काचेतून मालक बघत होते. यांना फोन बंद करता येईना, कॅनचं झाकण लावताना बोटं डिझेलनं निसरडी झाली होती.

"जावा," मी म्हटलं. "गार व्हायलाय."

हे गेले नाहीत. कॅन हातात धरून तिथंच उभे राहिले. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी यांना हातानं बाजूला सारलं आणि टेम्पोला पुढं घेतलं. माझी ड्युटी तीनपर्यंत होती.