गाडीतलं बोलणं

उशी तशीच होती. व्हॅनच्या मधल्या सीटवर, खिडकीच्या अंगाला – चौकोनी, विटक्या निळ्या कापडाची, मावशी बसून बसून मधोमध खोलगट झालेली. मावशीला कामावरून कमी केलं त्याला आठवडा उलटून गेला होता, पण उशी कुणी उचलली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. मावशीशेजारी बसून बाटल्या तपासणाऱ्या तिनं सकाळी दार सरकवलं, आत पाय ठेवला, आणि वेल्डरदादाचं वाक्य मध्येच तुटलं.

तुटलं, की संपलं? ती मागच्या सीटवर जाऊन बसली. दादा खोकला, काच पुसल्यासारखं करत बाहेर पाहू लागला. पूर्वी हा माणूस कारखाना येईपर्यंत तोंड मिटायचा नाही. जावयाचा आळशीपणा, म्हशीचं आजारपण, सगळं इत्थंभूत. मग आत्ताच कसा गप्प झाला? मनात पाप असल्याशिवाय माणूस असा दुसऱ्याच्या नजरेतून निसटतो का?

व्हॅन वळणाला लागली. रस्ता लांब, दोन्हीकडे नुसती शेतं, मध्ये एखादं गाव. कारखान्याची ही गाडी सकाळी गावोगावची माणसं वेचत जाते आणि संध्याकाळी तशीच एकेकाला उतरवत येते. घरी सासू, कामावर मुकादम. मोकळेपणी बोलायचं ते इथंच. मावशीही इथंच बोलली होती. ‘डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय गं. दुपारनंतर सगळ्या बाटल्या मला सारख्याच दिसतात, तडा गेलेली आणि न गेलेली.’ आणि सगळे हसले होते. ड्रायव्हर म्हणाला होता, ‘मावशी, मग तुम्ही गाडी चालवा, मी बाटल्या तपासतो!’ हसण्यावारी गेलं खरं, पण तेव्हा कुणीतरी ते मनात उचलून ठेवलं होतं. कारण पुढं साहेबांनी मावशीला बोलावून थेट डोळ्यांचंच विचारलं.

ड्रायव्हर? आरशात त्याचे डोळे दिसत होते, रस्त्यापेक्षा जास्त मागेच बघणारे. त्याचं गाडीचं कंत्राट नवं व्हायचं होतं, साहेबांच्या हातात. की हा मुका? वजनकाट्यावरचा तो तिशी उलटलेला माणूस कायम कानांत वायरी घालून बसतो, म्हणून सगळ्यांनी त्याला मुका नाव ठेवलेलं. त्याची खोली साहेबांच्या केबिनला लागून. गाणं ऐकतो म्हणे… पण इतक्या दिवसांत त्याचं बोट कधी ताल धरताना पाहिलंय मी? पाय तरी हललाय? नाही. हा आमचंच ऐकतो. नुसतं आमचं ऐकतो.

दिवसभर पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या आणि ती त्या उजेडासमोर धरत होती. मावशीच्या स्टुलावर नवी पोरगी होती, तरण्या डोळ्यांची. लाईनची मुख्य म्हणून मावशीची जागा मात्र त्या पोरीला नाही, तिला स्वतःला दिली होती. ती जागा तिनं मागितली नव्हती… पण नको असंही म्हटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत नळावर बायका बोलत होत्या. ती गेली तसा पाण्याचाच आवाज उरला.

संध्याकाळी व्हॅन सुटायच्या आधी मुका एकटाच दाराशी उभा होता. तिला राहवलं नाही.

“खरं सांगा, त्या वायरींत काही वाजतं का?”

त्यानं एक वायर काढली आणि निमूट तिच्या पुढं धरली. तिनं कानाला लावली. काहीच नाही.

“वाजत नाही,” तो म्हणाला. “हे घातलं की माझ्याशी कुणी बोलत नाही. दिवसभर ट्रकवाल्यांची भांडणं ऐकून डोकं पिकतं हो ताई.”

“म्हणजे आमचं सगळं ऐकू येतं तुम्हाला.”

“येतं की. तुम्ही नसताना काय बोलतात तेही येतं.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “राग मानू नका. मावशी गेल्या, जागा तुम्हाला मिळाली. तुमचे मालक साहेबांची गाडी चालवतात. लोक दोन नि दोन चार करणारच ना?”

तिला हसूच आलं आधी. मी? आणि हे? साहेबांना शहरातून आणायचं, परत सोडायचं, एवढंच नवऱ्याचं काम. साहेब मागं फोनवर, हा पुढं स्टिअरिंगवर. तोंडातून शब्द काढायला याला मुहूर्त लागतो! घरी सुद्धा बोलते ती तीच. तो फक्त ऐकतो, भाकरी मोडत, ‘हं’ म्हणत… वाटेत कधीतरी तिचं हसू आटलं.

मावशीच्या गल्लीशी ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला, मग लक्षात येऊन पुन्हा वाढवू लागला.

“थांबवा,” ती म्हणाली. “मी इथं उतरते.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

मावशी ओट्यावर वाटाणे सोलत होती, बोटांनी चाचपून. “आवाजावरून ओळखलं,” म्हणाली. “बस.”

“मावशी, सगळे माझ्यावर संशय घेतायत. तुमची शपथ, मी साहेबांपाशी चकार शब्द काढला नाही.”

“शपथा कशाला घेतेस?” मावशी सोलतच राहिली. “डोळ्यांचं गाडीत मीच बोलले, सगळ्या गावाला कळलं असेल. पण साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? ‘तुमच्या बाटल्या दुसरीच बाई पुन्हा तपासते, मग तुम्हाला पगार कशाचा?’ आता हे गाडीत कुणाला माहीत होतं गं? तुला नि मला, दोघींनाच.”

ती दुसरी बाई म्हणजे तीच; दुपारनंतर मावशीच्या बाटल्या ती गुपचूप पुन्हा बघायची. हे तिनं गाडीत कधीच काढलं नव्हतं. जीभ आवरून धरली होती. फक्त एकदा, घरी नवरा जेवत असताना, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून ती म्हणाली होती: दोघींच्या बाटल्या बघते रे, संध्याकाळी डोळे असे फुटायला येतात. आणि तो ‘हं’ म्हणाला होता.

“मी काही विचारत नाही तुला,” मावशी म्हणाली. “चहा ठेवू?”

“नको. उशीर होईल.”

हमरस्त्यावर येऊन ती उभी राहिली. थोड्या वेळानं त्याचीच मोटरसायकल आली. साहेबांची गाडी लावून तो याच रस्त्यानं घरी यायचा. तिला इथं पाहून त्यानं काही विचारलं नाही, नुसती मागं बसायची खूण केली. ती बसली. हात नेहमीसारखा त्याच्या खांद्याकडं गेला, आणि तिनं तो मागच्या लोखंडी दांडीवर नेला.

साहेब विचारतात का याला? की हा आपणहून…? की कौतुकानं बोलून गेला असेल – माझी बायको दोघींचं काम करते साहेब – एवढंच? लांबचा रस्ता, दोघंच माणसं. अबोल माणूसही कधीतरी बोलतोच. आणि बायकोशिवाय बोलण्यासारखं त्याच्याजवळ होतं तरी काय?

“काय म्हणत होती आज तुमची गाडी?” वाऱ्यातून त्यानं विचारलं. रोज विचारायचा. रोज तिला ते गोड वाटायचं.

“काही नाही.”

“असं कसं? काहीतरी असेलच.”

मुक्याचं, दादाचं, सगळं ओठांवर आलं होतं. तिनं ओठ मिटून घेतले. पाठ समोर होती, ओळखीची, शर्टाची शिवण खांद्यावर उसवलेली. त्या पाठीला चेहरा नव्हता. विचारावं का? विचारलं आणि तो ‘हो’ म्हणाला तर? ‘नाही’ म्हणाला, तर मी ते मानीन का?

शेतांवरून ऊन उतरत होतं.

“आता डोळे नाही ना दुखत तुझे?” तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला आधी वाटलं वाराच बोलला.

ती उत्तर देणार होती, आणि तेवढ्यात तिला जाणवलं – खरंच, नव्हते दुखत. कित्येक दिवसांत दुखले नव्हते, आणि तिला ते बरं वाटत होतं… मावशी गेली तेव्हापासूनच बरं वाटत होतं. तिनं दांडी आणखी घट्ट धरली. रस्ता सरळ होता, खड्डासुद्धा नव्हता.