दोन वाजताची गोळी

"सगळ्या गोळ्या एका डबीत नाही घालायच्या," एलिएसेर म्हणाला आणि मुलीच्या हातातली सात खणांची प्लास्टिकची डबी त्याने काढून घेतली. "आपापल्या खोक्यात राहू देत. खोक्यावर आईचं नाव दिसलं पाहिजे. सुट्या गोळ्या दिसल्या की तपासणीवाला प्रश्न विचारत बसतो."

"बाबा, ही खोकी किती जागा खातात," मायेर्लिस म्हणाली.

"चपलांचे दोन जोड काढ. आणि हे मोठ्या बॅगेत नको, तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत. मोठी बॅग बोगोतालाच राहिली तर माद्रिदला तिला काय देशील?"

बार्रान्कियातल्या एका औषधाच्या दुकानात तो एकतीस वर्षं काउंटरवर उभा होता. परदेशी निघालेल्या कितीतरी लोकांना त्याने हेच सांगितलं होतं. आता बायकोचं सामान भरताना मात्र तो एकेक खोकं दोनदा उघडून बघत होता. हृदयाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी, विसराळूपणाची, डोळ्यांचे थेंब. दहा दिवसांचं औषध जास्तीचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यात औषधांची मूळ नावं, कारण तिकडे तेच औषध दुसऱ्या नावाने मिळतं.

तो स्वतः जाणार नव्हता. त्याच्या फुफ्फुसांना विमान झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेल्या महिन्यात तो न्हाणीघरात पडला आणि तासभर त्याला उठता आलं नाही. ओतिलिया दारात उभी राहून त्याच्याकडे शांतपणे बघत होती. त्यानंतर त्यानेच माद्रिदला मुलीला फोन केला, आईला घेऊन जा म्हणून.

झुलत्या खुर्चीतून ओतिलियाने विचारलं, "औषधवाले भाऊ, अजून बसलात? घरी नाही का जायचं?"

"जातो, बाई. एवढं बांधलं की निघतो."

नवरा म्हणून ती त्याला चार वर्षांपूर्वीच विसरली. घरात शिरलेल्या परक्या माणसाच्या हातून ती गोळी घेईना. एके दिवशी कंटाळून तो दुकानातल्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमची दोनची गोळी." तिने मुकाट्याने तोंड उघडलं. तेव्हापासून तो औषधवाला झाला.

मायेर्लिस येऊन दोन आठवडे झाले होते. रोज ती गोळी पुढे करी, "आई, घे ना गं," आणि ओतिलिया ओठ घट्ट मिटून घेई.

"आई म्हणू नकोस तिला," एलिएसेर हळूच म्हणाला.

"मग काय म्हणू? मी मुलगी आहे तिची."

"मी नवरा आहे. गोळी घशाखाली उतरते ना, तेवढं बघायचं."

मायेर्लिस तोंड फिरवून चपला काढू लागली. एलिएसेर खुर्चीजवळ गेला. "बाई, आता मला काही यायला जमायचं नाही. ही आमच्या दुकानातली मुलगी. यापुढे हीच औषध देईल."

ओतिलियाने मुलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हिला कळतं का काही?"

"माझ्याहून जास्त कळतं."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तपासणीवाल्याने पिशवी उघडली, खोक्यांवरची नावं वाचली, चिठ्ठी बघितली आणि पिशवी परत दिली. एवढ्यात झालंसुद्धा. दोघी काचेपलीकडे बाकावर बसल्या. निरोप घेताना ओतिलिया म्हणाली होती, "तुमचा हात हलका होता, भाऊ." त्याने मान हलवली होती.

दोन वाजले. मायेर्लिसने पाण्याची बाटली उघडली, गोळी तळहातावर घेतली. काचेतून आवाज येत नव्हता, पण तिचे ओठ हलले, ते 'आई' म्हणायला नव्हे. ओतिलिया क्षणभर थांबली. तिने घेऊ नये, असं एलिएसेरला वाटून गेलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

तिने तोंड उघडलं. पाणी प्यायली. मग मुलीच्या हाताला धरून उठली आणि मागे न बघता चालू लागली.

"काका, तुम्ही रांगेत आहात का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," एलिएसेर म्हणाला आणि बाजूला झाला.