चार कांड्यांचा पाहुणचार

मित्रांनो, मी एक जुना डिस्प्ले आहे. ई-सायकलच्या हँडलवर मधोमध तळहाताएवढी काचेची पाटी असते ना, तीच मी. माझ्या काचेवर एक चरा आहे आणि माझं एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण वेग, बॅटरी आणि बिघाड, या तीन गोष्टी मी आजही खऱ्या सांगतो. खरं सांगणाऱ्याला लोक फारसं विचारत नाहीत, हे मला औंढा नागनाथला आल्यावर कळलं.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक प्रोग्राम भरला गेला. त्याला फर्मवेअर म्हणतात. मी काय दाखवायचं आणि कधी दाखवायचं, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. मला शब्द मात्र कोणी दिले नाहीत. बॅटरी किती भरली ते दाखवायला काचेवर पाच कांड्या आणि बिघाडासाठी काही आकडे, एवढ्यावर मला जन्म काढायचा होता.

माझी मालकीण बिलकीस. तिचा धंदा बांगड्यांचा. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव पायी फिरून तिचे गुडघे कामातून गेले, तेव्हा तिच्या मुलाने, फहीमने, ही सायकल घरी आणली. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! बिलकीस गावात शिरली की बायका आधी मला बघायच्या आणि मग बांगड्या. दसऱ्याला तर एका आजीबाईंनी माझ्या काचेवरच हळदकुंकू वाहिलं. बॅटरी किती उरली ते दोन दिवस कोणाला दिसेना, पण मला राग आला नाही. मान कोणाला आवडत नाही?

आमच्या सायकलीत एक खुबी होती. ब्रेक दाबला की मोटर उलट कामाला लागायची. ती चाकाला रोखायची आणि रोखता रोखता थोडी वीज तयार करून बॅटरीत परत घालायची. बिलकीसला ते फार आवडायचं. पेटीचं ओझं असूनही सायकल उतारावरून शहाण्या बैलासारखी हळूहळू उतरायची. मोटर रोखते म्हणून चाकांच्या ब्रेकचे रबर झिजले तरी ते बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

औंढ्याच्या मागे माळावर एक वस्ती आहे. तिथे शालूबाई राहते. तिच्या अंगणात वस्तीवरच्या सगळ्या बायका जमायच्या आणि बिलकीस एकेकीचा हात हातात घेऊन, मूठ दाबून, अलगद बांगड्या चढवायची. शालूबाईचा आग्रह म्हणजे काय विचारता! भाकरी संपण्याआधी ताटात दुसरी पडलेली असायची. पहिल्याच दिवशी तिने बिलकीसच्या पिशवीतून चार्जर काढला आणि ओसरीवरच्या बोर्डात खोचला.

"शालूबाई, राहू द्या. बॅटरी हाय अजून," बिलकीस म्हणाली.

"तू जेवलीस, मग तिला काहून उपाशी ठिवू? ती बी पाव्हणीच हाय," शालूबाई म्हणाली.

माझी पाचवी कांडी भरल्याशिवाय ती वायर काढू द्यायची नाही. मग बिलकीस उताराला लागायची, ब्रेक दाबायची, आणि मोटर काही रोखायची नाही. झिजत चाललेल्या रबरांवर ती कशीबशी खाली पोचायची. मी लगेच काचेवर सतरा हा आकडा लावायचो. तो लुकलुकायचा, जीव तोडून लुकलुकायचा. पण सतरा म्हणजे काय, हे कोणाला माहीत? शिवाय वस्तीवर वीज गेलेली असली की बॅटरी भरायची नाही. त्या दिवशी सायकल सुरळीत उतरायची आणि मी गप्प असायचो. त्यामुळे बिघाडाचा माग काही लागेना.

"अम्मी, हा डिस्प्लेच खराब हाय," फहीमने निकाल दिला. त्याने माझ्या वायरी काढून पुसल्या, मला बंद करून चालू केलं, दोन चापट्याही मारल्या. शेवटी मोबाईलवरून कुठलं तरी दुसरं फर्मवेअर उतरवून माझ्यात भरलं. त्या प्रोग्राममध्ये सतराला जागाच नव्हती. आकडा दिसेनासा झाला. "बघ, झालं ठीक!" म्हणून तो खूश झाला. मित्रांनो, दुखणं तिथेच होतं, फक्त माझं तोंड बांधलं गेलं होतं.

पुढच्याच फेरीला आम्ही पडलो. पाचही कांड्या भरलेल्या, पेटी जड, उतार खडा. मोटरने रोखलं नाही आणि झिजलेले रबर चाकावरून नुसते घसरत राहिले. मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. वळणावर सायकल बांधावर आदळली. बांगड्यांचा चुरा झाला आणि बिलकीसचं उजवं मनगट मुरगळलं. ज्या हाताने ती बांगड्या भरायची तोच हात. माझ्या काचेवरचा चरा त्या दिवसाचाच. पण मला चऱ्याचं दुःख नाही, त्या हाताचं आहे.

"बास झालं. सायकल इकून टाकतो," फहीम म्हणाला. "तू आता दुकानात बस."

"दुकानात येनाऱ्या येतातच की रे," बिलकीस मनगट धरून म्हणाली. "ज्यांना घरातून निघताच येत न्हाई, त्या बायांचं काय? अन् माझं काय? मी बसून राहिले की संपले बघ."

आईचे डोळे भरलेले पाहून फहीम वरमला. आकडा पुसल्याने बिघाड गेला नव्हता, हे त्याला कळून चुकलं. त्याने ब्रेकला नवे रबर बसवले आणि माझ्यात माझं जुनं फर्मवेअर परत भरलं. मग पडलो त्या दिवशी होती तशीच बॅटरी पूर्ण भरून तो स्वतः एका उतारावरून हळूच उतरला. मी लगेच सतरा दाखवला. या वेळी त्याने मला चापट मारली नाही. त्याने कंपनीला फोन लावला.

"बॅटरी पूर्ण भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागा नसते," पलीकडची मुलगी म्हणाली. "म्हणून मोटर रोखत नाही. सतरा म्हणजे तेच. डिस्प्ले बरोबर आहे."

डिस्प्ले बरोबर आहे! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे म्हणालं. फहीमने बाहीने माझी काच पुसली आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं. बिलकीस आधी खळखळून हसली. "म्हंजी शालूबाईनं खाऊ घालून घालून पाडलं मला!" मग एकदम गंभीर झाली. "तिला सांगू नको. लई जीव लावते ती. मनाला लावून घेईल."

"मग नुसतं चार्जिंग नको म्हन की."

"तिच्या दारात नको म्हनून बघ तू एकदा!"

हात जरा बरा झाल्यावर बिलकीस पुन्हा माळावर गेली. कशी पडलीस म्हणून शालूबाईने विचारलं, तर म्हणाली, पाय घसरला. आणि शालूबाईने पाचवी कांडी भरेपर्यंत सायकलला जेवू घातलं. दुखऱ्या मनगटाने नवा ब्रेकही करकचून दाबता येत नव्हता. म्हणून बिलकीस तो सगळा उतार सायकल हाताने धरून पायी उतरली, त्या मोडक्या गुडघ्यांनी. दर फेरीला असंच. मी पाच कांड्या मिरवत तिच्या शेजारून चालत होतो, आणि मला त्या कांड्यांची लाज वाटत होती.

एके दिवशी शालूबाईने वरून ते पाहिलं. ती पदर खोचून उतारावर धावत आली.

"भाबी, सायकल असून पायी काहून चालून राहिली?"

बिलकीसने टाळायचा खूप प्रयत्न केला. शेवटी तिला सांगावंच लागलं. शालूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर मटकन बसली.

"म्हंजी माझ्या हातानं पाडलं तुला? अन् तू मलाच सांगितलं न्हाई?"

"तुमी मायेनं करता. कसं सांगू?"

"असली कसली गं माया, की तुला तोंड उघडायची चोरी?" शालूबाई रडायला लागली. बिलकीसने तिचा हात आपल्या दुखऱ्या हातात घेतला.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र पुन्हा पुन्हा एकच आकडा दाखवत असेल, तर त्याचं तोंड बांधू नका. ते काय सांगतंय ते आधी विचारा. आणि कोणाला भरभरून द्यायचं असेल, तर त्याच्याकडे जागा किती आहे तेही विचारा.

पुढच्या वेळी शालूबाईने चार्जर खोचला आणि स्वतः माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्यावर बोट ठेवून तिने कांड्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवी लुकलुकू लागली. तिचा हात बोर्डाकडे गेला आणि मागे आला. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. मग तिने डोळे मिटून पिन ओढली, वायर गुंडाळून बिलकीसच्या पिशवीत घातली आणि सायकल स्वतः अंगणाबाहेर काढून दिली.

"जा भाबी," ती म्हणाली. "अर्धपोटी जा, पन बसून जा."