नोंद आढळून येत नाही

"नाही हो, या नावाचं कुणी त्या साली जन्मलेलंच नाही," जन्मनोंदींचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या आणि खिडकीसमोर लेकीबरोबर उभ्या असलेल्या मशीनवाल्याने मान डोलावली. बातमी त्याला जुनीच होती.

लेकीने घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. तिला आजोबांचा जन्मदाखला मिळाला, आत्याचा मिळाला, वारलेल्या काकांचासुद्धा मिळाला. जिवंत बापाचा तेवढा मिळेना. दोनदा अर्ज केले, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'नोंद आढळून येत नाही.' लेक वैतागली. मशीनवाला वैतागला नाही, तो घाबरला. पण साठी उलटलेल्या माणसाने असल्या गोष्टीला घाबरायचं म्हणजे हसूच व्हायचं, म्हणून तो गप्प राहिला.

घरातले सगळे ताडमाड, सरळ नाकाचे. हा मात्र बुटबैंगण, नाक बसकं. लहानपणी मोठी बहीण, ताई, त्याला चिडवायची, "तुला भंगारवाल्याकडून घेतलाय. गळकी बादली देऊन." घरोघरी पोरांना असंच काहीतरी सांगतात. सगळे हसायचे, तोही हसायचा. पण हसून झाल्यावर तो आरशात नाक दाबून बघायचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे आई गेली, वडील गेले, त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना.

जन्मभर त्याने शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. कुठलीही मशीन हातात आली की आधी उलटी करायची, बुडाशी ठोकलेला नंबर बघायचा आणि मगच स्क्रूला हात लावायचा. "नंबर दिसला की मशीन कुठली ते कळतं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. स्वतःला उलटं करून बघायची सोय नव्हती.

"साल तरी नक्की ना?" बाईंनी विचारलं.

"साल नक्की," लेक म्हणाली. "तारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने घातलेली."

"मग नावांची सूची राहू दे. त्या सालाची पानंच उलटते."

"कशाला बाई उगाच तुम्हाला त्रास," मशीनवाला घाईघाईने म्हणाला. "धूळ किती आहे त्याच्यावर."

लेकीने त्याच्याकडे वळून बघितलं. "बाबा, तुम्हाला सापडायला नकोय का?"

तो वरच्या पंख्याकडे बघत राहिला. पंखा करकरत होता. बेअरिंग गेलं होतं.

बाईंनी जाड रजिस्टर काढलं, फडक्याने झटकलं आणि रकान्यावर बोट ठेवून पानं उलटायला लागल्या. बरीच पानं गेली. मग बोट थांबलं आणि बाई चक्क हसल्या.

"वडिलांचं नाव तेच. आईचं तेच. पत्ताही तोच. मुलगा. आणि बाळाचं नाव बघा काय लिहिलंय." त्यांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आमचा'.

"म्हणून सापडत नव्हता. सूचीत 'आ'खाली जाऊन बसलाय. माहिती देणारी कोण, तर बहीण, वय वर्षं नऊ. तेव्हा चालायचं हो असं. जो येईल त्याला विचारायचे आणि लिहून टाकायचे."

मशीनवाल्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि बाकावर जाऊन बसला. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते त्याला आज कळलं. इतकी वर्षं ते तिथे होतं हेही आजच कळलं. "बरं वाटत नाहीये का?" लेकीने विचारलं. "फार बरं वाटतंय," तो म्हणाला.

नक्कल घेऊन दोघं थेट ताईकडे गेली. ताई खिडकीशी बसून मटार सोलत होती. तिने कागद हातभर लांब धरून वाचला.

"अगं बाई. त्याने हे लिहिलं होय?"

"तू काय सांगितलं होतंस?" मशीनवाल्याने विचारलं.

"आई अंथरुणात, बाबा कामावर. मला पाठवलं नोंद करायला. तो कारकून मान वर करून बघेल तर शपथ. वडिलांचं नाव? सांगितलं. आईचं? सांगितलं. मग म्हणतो, मुलगा? मला वाटलं, मुलगा कुणाचा विचारतोय. म्हटलं, आमचा. ठणकावून म्हटलं. ऑफिसातला माणूस, घेतला ठेवून तर काय करायचं?"

लेक हसत सुटली. मशीनवाला हसला नाही. "मग भंगारवाला कशाला सांगायचीस?"

"तू चिडायचास म्हणून." ताईचे हात शेंगांवर थांबले. "तुला खरं वाटायचं की काय?"

"छे."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी त्याने खोटं बोललेलं तिला लगेच कळायचं, तसं आताही कळलं.

"वेडा आहेस," ती हळूच म्हणाली. "आपल्याकडे एकच बादली होती. धडधाकट होती. आई गेली तेव्हासुद्धा होती." मग तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा शेंग उचलली.

"नाव दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, बाबा," लेक म्हणाली. "चूक आहे ना ती."

"चूक कुठेय?" मशीनवाला म्हणाला.

तो उठून कोपऱ्यातल्या ताईच्या जुन्या शिलाई मशीनपाशी गेला. "आवाज करते का गं अजून?"

"करते. तुला वेळ असतो कुठे बहिणीसाठी?"

त्याने पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि सवयीने आधी मशीन उलटी केली. बुडाशी नंबर ठोकलेली जागा झिजून गुळगुळीत झाली होती, एकही आकडा वाचता येत नव्हता. त्यावरून त्याने अंगठा फिरवला, फडक्याने बूड पुसलं आणि तेल सोडायला घेतलं.